बोअरचं पाणी खारं निघालं तर जिप्समची पोती आणायच्या आधी काय काय करायचं, टप्प्याटप्प्याने

दर मे महिन्यात एकच प्रश्न चार-पाच जण तरी विचारतात, "पाणी खारं आहे, एकरी किती जिप्सम टाकू?" (जिप्सम म्हणजे मातीत टाकायची कॅल्शियम सल्फेटची पावडर.) मी उलट विचारतो की पाण्याचा रिपोर्ट कुठाय, तर तो नसतो. शेतात पाणी मुरतंय का विचारलं तर "मुरत असेल की". एवढ्यावर कुणी आकडा सांगितला तर तो हवेतला आकडा झाला. आणि लोक तसाच टाकतात, एक हंगाम वाट बघतात, फरक पडला नाही की जिप्समला नावं ठेवतात.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसू द्या. पाण्यातलं मीठ उडून जात नाही. पाणी उडतं, पीक पाणी पितं, मीठ बहुतेक सगळं मातीतच राहतं. हिशोब करून बघा. ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते त्याचं माप, त्यावरून क्षार किती ते कळतं. २ ईसीच्या पाण्यात लिटरला साधारण १.२८ ग्रॅम क्षार असतात. एका एकराला हंगामात ५०० मिलीमीटर पाणी दिलं तर ते २० लाख लिटर झालं, म्हणजे अडीच टनाच्या वर क्षार तुम्ही स्वतःच्या हाताने शेतात नेऊन ओतले. दर वर्षी. हे क्षार मारणारी पावडर जगात कुठेही मिळत नाही, ते ज्या पाण्याबरोबर आत आले त्याच पाण्याबरोबर मुळांच्या खाली आणि मग शेताच्या बाहेर गेले पाहिजेत, बाकी सगळी कामं त्याच्या मदतीची.

म्हणून क्रम महत्त्वाचा. पाणी तपासा, माती तपासा, निचरा बघा, मग जिप्सम, मग पीक आणि पाणी द्यायची पद्धत. आपल्याकडे हे नेमकं उलटं होतं.

टप्पा १: पाण्याचा नमुना नीट घ्या

यात काय शिकायचं असं वाटतं, पण अर्धे रिपोर्ट इथेच बिघडतात.

१. मोटर चालू करून किमान २०-३० मिनिटं पाणी वाहू द्या. पाईपात आणि केसिंगमध्ये साचलेलं पाणी हे तुमचं खरं पाणी नाही.
२. प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्या, अर्धा ते एक लिटरची. औषधाची, डिंकाची, कोल्ड्रिंकची वास मारणारी नको. त्याच पाण्याने तीनदा विसळा.
३. बाटली काठोकाठ भरा, वर हवा ठेवू नका. हवा राहिली तर बायकार्बोनेटचा आकडा बदलू शकतो आणि पुढचा हिशोब त्याच आकड्यावर आहे.
४. बोअरचं नाव, खोली, तारीख लिहून शक्य तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी लॅबला द्या.

दोन बोअर आणि एक विहीर असेल तर तीन वेगळे नमुने. एकाच बांधावरच्या दोन बोअरच्या पाण्यात दुपटीचा फरक मी स्वतः बघितलाय. आणि एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळ्यानंतर, असं दोनदा तपासा, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बऱ्याच बोअरचा खारटपणा वाढतो.

लॅबला नुसतं "पाणी तपासा" म्हणू नका. ईसी, पीएच, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, कार्बोनेट, बायकार्बोनेट, क्लोराईड एवढं सगळं पाहिजे आणि एसएआर, आरएससी (अर्थ पुढच्या टप्प्यात) काढून पाहिजे असं सांगा. फक्त पीएच आणि टीडीएसच्या कागदावर शेतीचा निर्णय घेता येत नाही.

टप्पा २: रिपोर्ट वाचायला शिका

तीन आकडे बघायचे.

ईसी म्हणजे एकूण क्षार किती. ०.७५ च्या आत असेल तर सहसा काळजी नाही. ०.७५ ते २.२५ हे सांभाळून वापरायचं पाणी. २.२५ च्या वर गेलं तर पीक निवडूनच घ्यावं लागतं. इथे एक घोळ नेहमी होतो, काही लॅब डेसीसायमनमध्ये लिहितात, काही मायक्रोसायमनमध्ये. २१०० लिहिलेलं बघून माणूस हादरतो, पण ते २.१ च आहे. हजाराने भागा. आणि पाणी शुद्धीकरणवाल्याकडचा टीडीएस पेन असेल तर त्याचा आकडा ईसी नव्हे, ६४० ला साधारण १ ईसी धरा, तोसुद्धा अंदाज म्हणून.

एसएआर म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम किती. १० च्या आत असेल तर पुस्तकाप्रमाणे ठीक. पण आपल्या काळ्या भारी जमिनीत मी १० ची वाट बघत नाही, ५-६ च्या वर गेलं की मातीवर लक्ष ठेवायला लागतो, कारण चिकण माती सोडियमला लवकर बळी पडते.

आरएससी म्हणजे कार्बोनेट-बायकार्बोनेट मिळून जे आहे त्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा केलेलं, लिटरला मिलीइक्विव्हॅलंट या मापात. १.२५ च्या आत बिनधोक, १.२५ ते २.५ जपून, २.५ च्या वर असेल तर पाण्यावर उपाय केल्याशिवाय वापरू नका. लोक याच आकड्याकडे बघत नाहीत. पाणी जिभेला गोड लागतं, ईसी १.२ असते, सगळे खुश, आणि आरएससी ५ असते. असं पाणी मातीतला कॅल्शियम चुन्याच्या रूपात बसवून टाकतं, सोडियम मोकळा राहतो आणि चार-पाच वर्षांत जमीन दगडासारखी होते. चवीवर जाऊ नका.

थांबा आणि तपासा: हे तीन आकडे एका कागदावर लिहिलेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: जमीन खारवट झालीय की चोपण?

हे दोन वेगळे आजार आहेत, औषध वेगळं आहे.

खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त. उन्हाळ्यात वर पांढरी खपली येते, माती भुसभुशीत लागते, पाणी मुरतं, पण ओल असून पीक दुपारी मान टाकतं. पानांच्या कडा करपतात. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो. पाणी दिलं की दोन-दोन दिवस वर तळं, वाळली की भेगा आणि ढेकळं, ओली असताना पायाला साबणासारखी लागते, पीएच साडेआठच्या वर. दोन्ही एकत्र पण असू शकतं.

घरी करायची एक परीक्षा सांगतो. काचेची बरणी घ्या, त्यात पावसाचं साठवलेलं किंवा बॅटरीचं पाणी घाला, त्यात हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. ढेकूळ फुटून नुसता ढीग झाला आणि पाणी नितळ राहिलं तर बरं आहे. पण ढेकळाभोवती दुधासारखा धूर पसरत गेला आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असेल तर सोडियमचं काम आहे.

ही परीक्षा बोअरच्या खाऱ्या पाण्यात करू नका. खाऱ्या पाण्यात क्षारांमुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि पाणी नितळ दिसतं, तुम्ही फसाल. शेतातही हेच होतं. सगळा उन्हाळा खाऱ्या पाण्यावर जमीन बरी चालते आणि पहिला मोठा पाऊस पडला की चिखल, मग कडक पापडी, उगवण बंद. लोक पावसाला दोष देतात, पण पावसाने फक्त वरचे क्षार धुतले आणि खाली लपलेला सोडियम उघडा पडला.

लॅबसाठी मातीचा नमुना तीन थरांत घ्या, एक फूट, दोन फूट, तीन फूट, प्रत्येक थर वेगळ्या पिशवीत. नुसती वरची पांढरी खपली खरवडून दिली तर रिपोर्ट भयंकर येईल आणि खोटा असेल. ड्रिप असेल तर ड्रीपरच्या खालची आणि दोन लॅटरलच्या (ड्रीपर बसवलेल्या नळ्यांच्या) मधली माती वेगवेगळी द्या.

सावध: आपल्याकडच्या माती रिपोर्टात ईसी बहुतेक वेळा १ भाग माती आणि अडीच भाग पाणी असं पातळ करून काढलेली असते. पिकांच्या सहनशीलतेचे तक्ते मात्र संपृक्त लगद्याच्या, म्हणजे माती जेमतेम चिखल होईल एवढंच पाणी घालून काढलेल्या ईसीवर बनवलेले असतात आणि तो आकडा कितीतरी मोठा येतो. रिपोर्टात १.५ आहे आणि तक्त्यात पिकाची मर्यादा १.७ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लॅबला विचारा कुठल्या पद्धतीने काढली.

टप्पा ४: निचरा. याच्याशिवाय पुढचं सगळं वाया

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेताच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात पाच फुटांचा खड्डा घ्या आणि दोन दिवसांनी बघा. चार-पाच फुटांच्या आत पाणी उभं राहिलं तर क्षार खालून वर चढतायत, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं. अशा शेतात वरून जास्त पाणी देऊन क्षार धुवायला गेलात तर पाणी आणखी वर येईल. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात सांगली-कोल्हापूरकडे कितीतरी जमीन अशीच गेली, तिथे नुसतं बोअरचं पाणी खारं हे कारण नव्हतं, जास्त पाणी आणि निचरा नाही हे मोठं कारण.

काय करायचं:

१. आधी वरचं पाणी बाहेर काढा. शेताला उतार आहे का, बांधाकडेचा चर बुजलाय का, ओढ्याचं तोंड मोकळं आहे का. एवढ्यानेसुद्धा हलक्या केसमध्ये फरक पडतो.
२. मग उघडे चर, उताराला आडवे, शेवटी ओढ्याला मिळणारे.
३. पाण्याची पातळी तरीही वर असेल तर सच्छिद्र पाईपचा भूमिगत निचरा. साधारण तीन-चार फुटांवर पाईप, त्याला फिल्टरचं कापड गुंडाळलेलं, ठरलेल्या अंतरावर ओळी. अंतर मातीवर ठरतं, शेजाऱ्याने ठेवलं म्हणून तेवढंच ठेवू नका.

पाईपचं पाणी जाणार कुठे हे आधी ठरवा. एकट्याने पाईप टाकले आणि खालच्या शेतकऱ्याने तोंड बंद केलं, असं झालेलं आहे. आमच्याच भावकीत झालं. माझ्या चुलत्यांनी खर्च करून पाईप टाकले, तोंड खालच्या बांधावर काढलं, पहिल्या पावसात भांडण आणि पुढच्या वर्षी तोंडावर मुरमाचा भराव. आम्ही आधी जाऊन बसलो असतो तर सहा शेतकरी मिळून एकच मोठा चर ओढ्यापर्यंत गेला असता, आणि शेवटी तोच करावा लागला, तीन वर्षं उशिरा.

विदर्भातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या पूर्णा खोऱ्यात, गणित थोडं वेगळं आहे. तिथली चिकण माती इतकी घट्ट की पाईपला पाणी यायलाच वेळ लागतो, आणि जमिनीखालचं पाणीच खारं. तिथे रुंद वरंबा-सरी, शेततळ्यात पावसाचं पाणी धरणं आणि खारं पाणी शक्य तेवढं टाळणं हा रस्ता बरा. शेततळं खोल खणून खाऱ्या पाण्याला भोक पाडू नका, आणि अस्तर टाका.

थांबा आणि तपासा: एक दणकून पाऊस पडल्यावर २४ तासांत शेतातलं उभं पाणी जातंय का? जात नसेल तर जिप्समचे पैसे बाजूला ठेवा, आधी चर.

टप्पा ५: जिप्सम, आता

जिप्सम सोडियमवर आहे, मीठावर नाही. जमीन नुसती खारवट असेल, एसएआर कमी असेल, तर जिप्समने काही होत नाही, उलट आणखी एक क्षार टाकला.

पाण्याच्या आरएससीसाठी हिशोब असा. १ मिलीइक्विव्हॅलंट आरएससी मारायला लिटरला ८६ मिलिग्रॅम शुद्ध जिप्सम लागतं. समजा आरएससी ५ आहे आणि २.५ वर आणायचीय, म्हणजे लिटरला २१५ मिलिग्रॅम. एका एकराला ५ सेंटिमीटरचं एक पाणी म्हणजे २ लाख लिटर, तर दर पाण्याला ४३-४४ किलो. पोत्यावर ८० टक्के शुद्धता असेल तर ५४ किलो. दहा पाण्यांना साडेपाच क्विंटलच्या आसपास. हे झालं फक्त पाण्याचं. जमिनीत आधीच बसलेल्या सोडियमसाठी लॅबकडून जिप्समची गरज वेगळी काढून घ्या, तो आकडा टनांत येतो.

द्यायची पद्धत:

१. मे अखेर किंवा पहिल्या पावसाच्या तोंडावर. जिप्सम विरघळायला भरपूर पाणी लागतं, लिटरला जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅम विरघळतं.
२. बारीक दळलेलं घ्या. खडे वर्षभर तसेच पडून राहतात.
३. वरच्या चार-सहा इंचांत मिसळा. खोल नांगरटीत गाडू नका, पातळ होऊन जातं.
४. मग पाऊस किंवा चांगलं पाणी वरून मुरू द्या, म्हणजे सुटलेला सोडियम खाली जाईल. ही पायरी राहिली तर सोडियम तिथेच फिरत बसतो.

आपल्या बऱ्याच काळ्या जमिनीत चुनखडी असते. लिंबाच्या रसाचे किंवा पातळ आम्लाचे दोन थेंब मातीवर टाकून फेस आला तर चुनखडी आहे, अशा जमिनीत गंधकही चालतं. पण गंधकाचं काम जिवाणू करतात, ओल आणि काही आठवडे लागतात, आज टाकून उद्या फरक दिसत नाही. चुनखडी नसेल तर गंधकाच्या नादी लागू नका.

सोबत धैंचा किंवा ताग ही हिरवळीची पिकं पेरून फुलोऱ्याच्या आत गाडा, शेणखत घाला. चोपण जमिनीत याचा उपयोग नुसत्या खतापेक्षा पाणी मुरायला जास्त होतो.

पाईपला चुंबक लावून क्षार "तोडणारी" यंत्रं कुणी विकायला आलं तर त्याच्यासमोर आधीच्या आणि नंतरच्या पाण्याची ईसी मोजा. आकडा तोच असेल तर मीठ तेवढंच आहे. आणि घरच्या सॉफ्टनरचं पाणी रोपवाटिकेला देऊ नका, तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, म्हणजे पिकासाठी उलटं काम.

टप्पा ६: पाण्याप्रमाणे पीक

२ ईसीचं पाणी कायम दिलं आणि थोडाफार निचरा असेल तर मुळांजवळची ईसी साधारण दीडपट, म्हणजे ३ च्या आसपास स्थिरावते. आता बघा. कापसाला ७.७ पर्यंत, ज्वारीला ६.८ पर्यंत, गव्हाला ६ पर्यंत उत्पादनात घट नाही. उसाची मर्यादा १.७, म्हणजे ३ ला सात-आठ टक्के घट. कांद्याची १.२, तिथे जवळजवळ ३० टक्के घट. घेवडा त्याहून नाजूक. भुईमुगाची मर्यादा ३.२ आहे पण ती ओलांडली की पीक धाडकन खाली येतं. द्राक्षाची दीड, म्हणून तर आपल्याकडे डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करतात.

हे आकडे निचरा असलेल्या जमिनीचे आणि मोठ्या झालेल्या पिकाचे. उगवताना सगळीच पिकं नाजूक.

"जास्त पाणी देऊन धुवून काढू" म्हणणाऱ्यांसाठी अजून एक हिशोब. २ ईसीच्या पाण्यावर कांदा पूर्ण उत्पादनात घ्यायचा तर दिलेल्या पाण्यातलं निम्मं मुळांच्या खाली सोडावं लागतं. गव्हाला फक्त ७ टक्के. निम्मं पाणी सोडायला ना बोअरमध्ये पाणी आहे ना वीज, तेव्हा कांदा बदला.

टप्पा ७: बी कुठे टाकता यावर उगवण

सरीत पाणी दिलं की ओल दोन्ही बाजूंनी वरंब्याच्या माथ्याकडे चढते आणि क्षार नेऊन तिथे सोडते. माथ्यावर बोट फिरवून जिभेला लावून बघा, कळेल. म्हणून बी माथ्यावर टाकू नका, वरंब्याच्या बगलेला, ओलीच्या रेषेच्या जरा वर टाका. रुंद गादीवाफा असेल तर दोन ओळी दोन्ही खांद्यांवर, मधला माथा रिकामा.

मी टोमॅटोच्या पहिल्या लावणीत रोपं माथ्यावर लावली होती, आठ दिवसांत शेंड्याची पानं तांबूस होऊन गळाली, मी मर रोग समजून बुरशीनाशक ओतत बसलो. नांग्या भरताना सहज काही रोपं बगलेला लावली, तीच जगली.

पेरणीआधी एक भरपूर पाणी देऊन वरचे क्षार खाली ढकला, वाफसा आला की पेरा, बियाणं थोडं जास्त धरा. शेततळ्याचं किंवा पाटाचं गोड पाणी थोडंच असेल तर ते उगवणीला आणि रोपाच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांना राखून ठेवा, खारं पाणी पुढे वापरा. दोन्ही पाणी टाकीत मिसळण्यापेक्षा हे बहुतेक वेळा बरं पडतं, कारण नाजूक वेळेला पिकाला खरंच गोड पाणी मिळतं.

टप्पा ८: रोजचं पाणी आणि खतं

ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी ही सवय सोडा. माती सुकत जाते तसं उरलेलं पाणी आणखी खारट होत जातं. थोडं आणि लवकर लवकर.

ड्रिपमध्ये क्षार ओल्या गोळ्याच्या कडेला जाऊन बसतात. पहिला हलका पाऊस आला की लोक आनंदाने मोटर बंद करतात आणि इथेच बाग फसते, त्या पावसाने कडेचे क्षार थेट मुळांत येतात. हलका पाऊस चालू असताना ड्रिप चालूच ठेवा, चांगला मोठा पाऊस होऊन जमीन भिजेपर्यंत. लॅटरल दर हंगामाला इकडे-तिकडे सरकवू नका, सरकवल्या तर रोप बरोबर क्षाराच्या कड्यावर येतं.

तुषार सिंचन खाऱ्या पाण्याला शक्यतो नकोच, पान भिजून वाळतं आणि कडा जळतात. नाइलाज असेल तर रात्री चालवा.

खतात म्युरेट ऑफ पोटॅश टाळा, त्यात क्लोराईड भरलेलं आहे आणि तुमच्या पाण्यात ते आधीच आहे. सल्फेट ऑफ पोटॅश महाग पडतं पण द्राक्ष, कांदा, भाजीपाल्याला तेच द्या. विद्राव्य खतांचा डोस एकदम न देता तुकड्या-तुकड्यात, कारण खतसुद्धा क्षारच आहे. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट किंवा फॉस्फेटवालं खत एका टाकीत घालू नका, साका होऊन ड्रीपर बसतात. बायकार्बोनेटमुळे ड्रीपर चुन्याने बुजत असतील तर आम्ल सोडावं लागतं. तेव्हा नेहमी पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी कधीच नाही, हातमोजे आणि चष्मा घालूनच.

टप्पा ९: पावसाळा फुकट घालवू नका, मग परत तपासा

क्षार धुवायला सगळ्यात चांगलं पाणी पावसाचं. बांध नीट, जमीन उन्हाळ्यात हलकी नांगरून उघडी, म्हणजे पाणी वाहून न जाता खाली मुरेल आणि चरातून बाहेर जाईल. त्याआधी वर पांढरी खपली दिसत असेल तर ती खरवडून शेताबाहेर टाका, नांगरून आत मिसळू नका.

ऑक्टोबरमध्ये त्याच जागेवरून, त्याच तीन थरांचे नमुने परत द्या, त्याच लॅबला आणि त्याच पद्धतीने काढायला सांगा. वरचा थर उतरला आणि तिसऱ्या फुटाचा वाढला तर क्षार खाली चाललेत, काम बरोबर दिशेने आहे, आता चराच्या तोंडाचं पाणी बाटलीत घेऊन त्याची ईसी बघा. ती तुमच्या बोअरपेक्षा जास्त आली पाहिजे. कमी किंवा तेवढीच येत असेल तर पाणी मातीतून न जाता भेगांतून नाहीतर वरच्यावर पळतंय, तेव्हा सपाटीकरण आणि वाफे परत बघून घ्या.